घरचे लोणी विकायचे असेल तर नोंदणी लागते का?

कोयनाथडी | ११ नोव्हेंबर २०२४, रात्री ९.४०

आमचे गाव पाटण तालुक्यात आहे. दावणीला दोन म्हशी आणि एक गाय आहे. सकाळचे दूध गावातील संस्थेला घालतो आणि संध्याकाळचे घरी ठेवतो. घरात खाणारी माणसे मोजकीच असल्यामुळे साय साठते, तिला विरजण लावून दर तीन-चार दिवसांनी लोणी निघते. पूर्वी ते सगळे कढवून तूप करत असू. गेल्या वर्षभरात मात्र पुण्यातील नातेवाइकांच्या ओळखीने लोण्यालाच मागणी येऊ लागली. थालीपीठ आणि भाकरीबरोबर खाण्यासाठी ताजे पांढरे लोणी मिळत नाही, अशी तिकडच्या लोकांची तक्रार असते.

मागच्या आठवड्यात एका गृहसंकुलाच्या व्हॉट्सअॅप गटात माझ्या लोण्याविषयी कोणीतरी चांगले लिहिले. त्याखाली लगेच दुसऱ्याने विचारले, "यांच्याकडे एफएसएसएआय, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा क्रमांक आहे का? नसेल तर ही विक्री बेकायदेशीर आहे." त्यानंतर मागणी निम्म्यावर आली. प्रश्न विचारणाऱ्याचा मला राग नाही, पण मला नेमके उत्तर हवे आहे. महिन्याला पाच-सहा किलो लोणी विकणाऱ्या शेतकरी कुटुंबाला परवाना लागतो का? लागत असेल तर कोणता, आणि त्यासाठी घरात काय बदल करावे लागतील? तालुक्याच्या ठिकाणी एका एजंटाने अडीच हजार रुपये सांगितले आहेत. ती रक्कम रास्त आहे का, हेही कळले तर बरे होईल.

ताकपिठ्या | ११ नोव्हेंबर, रात्री ९.५८

आमच्या घरी लोण्याचे उत्पादन पन्नास ग्रॅम आणि भक्षण साठ ग्रॅम आहे. नोंदणी नेमकी कशाची करायची, याचेही मार्गदर्शन व्हावे.

आठवडेबाजार | ११ नोव्हेंबर, रात्री १०.२०

ताई, कसलीही नोंदणी करू नका. सह्याद्रीच्या माथ्यावरील धनगर गवळी पिढ्यान्‌पिढ्या खाली उतरून लोणी देत आणि धान्य घेऊन वर जात. आमच्या निपाणीकडच्या बाजारात बायका पाण्यात ठेवलेले गोळे विकत, आणि गिऱ्हाईक नखाच्या टोकाने चव बघून भाव करत असे. त्या व्यवहारात विश्वास होता. हे सगळे नियम मोठ्या कंपन्यांसाठी केलेले असून त्यांचा जाच मात्र दोन म्हशींवाल्याला होतो. शिवाय शेतकऱ्याला हा कायदा लागूच नाही, असे मी खात्रीलायक ठिकाणी ऐकले आहे.

कलम_अठरा | ११ नोव्हेंबर, रात्री ११.०५

आठवडेबाजार यांनी ऐकलेले अर्धे बरोबर आहे, आणि त्या अर्ध्यामुळेच अनेकांचा घोटाळा होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ याच्या कलम १८ च्या तिसऱ्या पोटकलमात शेतकरी, मच्छीमार, शेतीची कामे, पिके, पशुधन आणि शेतकऱ्याने शेतावर काढलेली पिकांची उत्पादने यांना हा कायदा लागू नसल्याचे म्हटले आहे. त्याच कायद्यातील 'प्राथमिक अन्ना'ची व्याख्या पाहिली तर दुधासारखी वस्तू नैसर्गिक स्वरूपात आणि शेतकऱ्याच्याच हातात असेपर्यंत ती अन्नाच्या व्याख्येबाहेर राहते. येथे 'नैसर्गिक स्वरूपात' या शब्दांवर सगळी भिस्त आहे. दूध तापवले, साय काढली, विरजली, घुसळली आणि लोणी काढले की ती वस्तू नैसर्गिक स्वरूपात उरत नाही, ती उत्पादित वस्तू होते. त्यामुळे शेतकऱ्याची सूट माझ्या मते रवीपाशी संपते.

दुसरी सूट दूध संस्थेच्या सभासदांना आहे. नोंदणीकृत सहकारी दूध संस्थेचा सभासद आपले सर्व दूध संस्थेलाच घालत असेल तर त्याला वेगळी नोंदणी लागत नाही. कोयनाथडी यांनी संध्याकाळचे दूध घरी ठेवून त्याचे लोणी विकायला सुरुवात केल्यावर ही सूटही त्यांना मिळणार नाही.

मग काय लागते? परवाना लागत नाही, नोंदणी लागते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२४ च्या नियमांप्रमाणे वार्षिक उलाढाल १२ लाख रुपयांपर्यंत आणि दुधाची हाताळणी रोज ५०० लिटरपर्यंत असेल तर तो व्यवसाय लघु अन्न व्यावसायिकाच्या वर्गात बसतो. त्याची शासकीय फी वर्षाला १०० रुपये आहे. ५०० लिटरच्या वर गेल्यास राज्य परवाना आणि ५०,००० लिटरच्या वर केंद्रीय परवाना लागतो. दोन म्हशी आणि एका गाईने ही मजल गाठली, तर येथे दुसरा धागा काढावा लागेल.

मिरची_भजी | ११ नोव्हेंबर, रात्री ११.१८

म्हणजे गोकुळातून मथुरेच्या बाजाराला लोणी नेणाऱ्या सगळ्या गवळणी विनानोंदणी होत्या, आणि वाटेत अडवून नमुने घेणारा पहिला अन्न सुरक्षा अधिकारी पैसेही देत नसे.

कलम_अठरा | ११ नोव्हेंबर, रात्री ११.३१

मिरची_भजी, आजच्या अधिकाऱ्याला तसे करता येत नाही. नमुना घेतल्यास ज्या दराने लोकांना विक्री होते त्या दराने त्याचे पैसे देणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि नमुन्याचे चार भाग करावे लागतात. गोकुळात चारही भाग एकाच पोटात जात असल्यामुळे ती कारवाई न्यायालयात टिकली नसती.

कोथरूडची_मावशी | १२ नोव्हेंबर, सकाळी ७.५०

मी गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहिते. आठवडेबाजार ज्या विश्वासाविषयी लिहितात, तो समोरासमोरच्या ओळखीवर उभा असतो. बाजारातली बाई पुढच्या आठवड्यात त्याच जागी बसणार, हे गिऱ्हाइकाला ठाऊक असायचे, आणि लोणी आंबट निघाले तर तिला तोंडावर सांगता यायचे. मला मात्र चौथ्या मजल्यावर एक डबा येऊन मिळतो. तो कोणी भरला, कधी भरला आणि काही झाले तर कोणाला विचारायचे, हे त्या डब्यावर लिहिलेले नसते. गेल्या वर्षी अशाच ओळखीपाळखीतून आलेले लोणी खाऊन आमच्याकडे दोघांची पोटे बिघडली. विचारणा केल्यावर आणून देणाऱ्याने गावाकडे बोट दाखवले, आणि गावाकडच्याने प्रवासाकडे. मला चौदा आकडी क्रमांकाचे वेड नाही, उत्तर देणारे माणूस हवे आहे. क्रमांकामुळे निदान त्या माणसाचे नाव आणि पत्ता सापडतो.

आठवडेबाजार | १२ नोव्हेंबर, सकाळी ९.१०

मावशी, क्रमांक असलेल्या कारखान्यांतील तुपातही वनस्पती तूप सापडते, हे दर दिवाळीला वर्तमानपत्रांत येते. क्रमांकाने पोट बिघडायचे थांबते, असा दावा कोणी करू नये.

शीतसाखळी | १२ नोव्हेंबर, सकाळी ११.४५

मी दुग्धतंत्रज्ञ असून अनेक वर्षे लोणी विभागात काम केले आहे. आठवडेबाजार यांचे शेवटचे वाक्य मला मान्य आहे. पोट बिघडायचे थांबते ते लोणी कसे काढले आणि कसे ठेवले यावर. नोंदणीविषयी कलम_अठरा यांनी लिहिलेच आहे, मी पदार्थाविषयी लिहितो, कारण मूळ प्रश्नातील अवघड भाग मला तेथे दिसतो.

बाजारातील पिवळ्या खारट लोण्यासाठी किमान ८० टक्के स्निग्धांश, जास्तीत जास्त १६ टक्के पाणी आणि जास्तीत जास्त ३ टक्के मीठ असे मानक आहे. पांढऱ्या, म्हणजे आपल्या घरगुती लोण्यासाठी स्निग्धांश किमान ७६ टक्के चालतो. हिशेब करून पाहा. १६ टक्के पाणी असलेल्या लोण्यात २ टक्के मीठ घातले, तर ते सगळे मीठ पाण्याच्या थेंबांतच विरघळते, आणि त्या थेंबांतील खारटपणा सुमारे ११ टक्क्यांवर जातो. इतक्या खारट पाण्यात बहुतेक जिवाणूंची वाढ खुंटते. घरच्या अळणी लोण्याला हे संरक्षण नसते. त्यातच यंत्रावर मळलेल्या लोण्यात पाण्याचे थेंब अतिशय बारीक आणि एकसारखे पसरलेले असतात, तर हाताने काढलेल्या गोळ्यात ते मोठे आणि असमान राहतात. गोळा कापल्यावर सुरीबरोबर पाणी ओघळत असेल, तर ते लोणी चार दिवसही टिकणार नाही असे समजावे.

म्हणून धुण्याला फार महत्त्व आहे. रवीखाली मोहरीएवढे कण दिसू लागले की घुसळणे थांबवावे, ताक गाळून घ्यावे आणि गार पाण्याने कण धुवावेत. पहिले पाणी दुधाळ निघते, दुसरे थोडे गढूळ असते, आणि जे पाणी घातले तसेच स्वच्छ बाहेर आले की धुणे पूर्ण झाले. मगच गोळा दाबून पाणी काढावे. बहुतेक घरांत येथपर्यंत सगळे नीट होते, पण धुण्याचे पाणी थेट विहिरीचे किंवा हंड्यातले असते. त्या पाण्याचा काही अंश लोण्यातच राहणार आहे आणि लोणी पुढे तापवले जाणार नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. पाणी उकळून, झाकून, फ्रीजमध्ये गार करूनच वापरावे. एवढ्या एका गोष्टीने फार फरक पडतो.

तूप या सगळ्यातून सुटते. कढवताना पाणी उडून जाते, जंतू मरतात आणि मानकाप्रमाणे ओलावा अर्ध्या टक्क्याच्या आत राहतो. त्यामुळे पुण्यापर्यंत माल पाठवायचा असेल तर माझी पसंती तुपाला राहील.

गोठा_डॉक्टर | १२ नोव्हेंबर, दुपारी २.३०

शीतसाखळी यांच्या प्रतिसादात पशुवैद्यक म्हणून एक भर घालतो. आपल्याकडे दूध तापवून साय धरण्याची पद्धत आहे आणि ती उत्तम आहे. अलीकडे मात्र काही जण हाताने फिरवायचे मलईयंत्र घेतात, धारोष्ण दूध त्यातून काढतात आणि कच्च्या मलईचेच लोणी करतात. लोणी जास्त निघते आणि इंधन वाचते, हे खरे आहे. परंतु ज्या गोठ्यात सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेलोसिस आहे, त्या गोठ्यातील कच्च्या दुधातून तो रोग माणसाला होतो, आणि ताप, घाम, सांधेदुखी अशा लक्षणांनी महिनोन्‌महिने पिच्छा सोडत नाही. क्षयाच्या बाबतीतही धोका आहेच. दूध ६३ अंश सेल्सियसला ३० मिनिटे ठेवले तरी हे जंतू मरतात, घरी उकळी आणल्यास प्रश्नच उरत नाही. यंत्र वापरायचे असेल तर दूध आधी तापवावे, नंतर सोसेल इतके कोमट करून यंत्रातून काढावे.

म्हैस वा गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली असेल, तर रक्ताची तपासणी होईपर्यंत तिचे दूध कच्चे कोणीही वापरू नये, घरच्यांनीही नाही. चार ते आठ महिन्यांच्या वासरी-पारड्यांना ब्रुसेलोसिसची लस देता येते, ती चुकवू नये. कासेला सूज असलेल्या म्हशीचे दूधही लोण्यात घालू नये, आणि प्रतिजैविक दिले असल्यास औषधावर लिहिलेला कालावधी पाळावा.

वऱ्हाडी_ठेचा | १२ नोव्हेंबर, दुपारी ४.०५

तुपाविषयी आमच्या भागातील अनुभव सांगतो. आमच्याकडे जनावरांना सरकी आणि सरकीची ढेप भरपूर असते. त्यामुळे लोणी घट्ट येते आणि तुपाला मोठा, टणक रवा पडतो. खाणाऱ्याला ते आवडते, पण प्रयोगशाळेतील आर. एम. आकडा खाली येतो. तुपात इतर चरबी मिसळली आहे का हे पाहण्यासाठी तो आकडा काढतात, त्यामुळे चोख तुपावरही संशय येऊ शकतो. म्हणूनच नियमांत कपाशीच्या पट्ट्याचा वेगळा विचार केलेला होता. पाटणकडे हा प्रश्न येणार नाही, पण वाचणाऱ्यांत कोणी यवतमाळ-अकोल्याकडील असेल तर त्याने हे लक्षात ठेवावे.

कोयनाथडी | १२ नोव्हेंबर, रात्री ८.५०

सर्वांचे आभार. धुण्याच्या पाण्याविषयी वाचून उद्यापासूनच बदल करते. आमचे पाणी झऱ्याचे आहे आणि पिण्यालाही तेच वापरतो, परंतु पावसाळ्यात ते गढूळ होते.

शीतसाखळी तूप करायला सांगतात, पण हिशेब तसा जमत नाही. गिऱ्हाईक लोण्याला किलोमागे जो भाव आनंदाने देते, त्यापेक्षा तुपाला फार जास्त देत नाही. किलोभर लोणी कढवले की तूप पाऊण किलोच्या आसपास निघते, वर गॅस आणि वेळ जातो.

आणखी एक अडचण आहे. म्हशीचे लोणी पांढरे आणि गाईचे पिवळसर असते, हे शहरात सगळ्यांना ठाऊक नसते. एका बाईंनी "हे इतके पांढरे कसे, यात काही मिसळले आहे का" असे विचारले.

शीतसाखळी | १२ नोव्हेंबर, रात्री ९.३५

म्हैस चाऱ्यातील कॅरोटीनचे जीवनसत्त्व 'अ' मध्ये रूपांतर करते, म्हणून तिचे लोणी पांढरे असते. गाईच्या दुधात काही कॅरोटीन तसेच उतरते, म्हणून ते पिवळे दिसते, आणि हिरवा चारा असला की अधिकच पिवळे होते. बाजारातील लोण्याच्या पिवळेपणात रंगाचाही वाटा असू शकतो, मानकांत त्याला परवानगी आहे. ही सवय जुनी आहे. मुंबईत पॉलसनच्या खारट लोण्यावर पोसलेल्या गिऱ्हाइकाला अमूलचे सुरुवातीचे ताजे, अळणी लोणी रुचले नव्हते, आणि शेवटी त्यांनाही मीठ व रंग घालावा लागला. त्या बाईंना आपण दोष देऊ नये.

मिरची_भजी | १२ नोव्हेंबर, रात्री ९.४४

पॉलसनचा कारखाना गेला, पण साहेबाला पॉलसन लावणारे अजून सगळ्या कचेऱ्यांत आहेत, आणि त्यांना कोणतीही नोंदणी लागत नाही.

हिशेबनीस | १२ नोव्हेंबर, रात्री १०.१५

लोणी की तूप यापेक्षा आधी दूध की लोणी, हा हिशेब मांडू. सात टक्के फॅटच्या म्हशीच्या दहा लिटर दुधात साधारण ७२० ग्रॅम स्निग्धांश असतो. तो सगळा हाती आला, तर ८० टक्क्यांच्या हिशेबाने ९०० ग्रॅम लोणी व्हावे. पण सायीने सगळे फॅट वर येत नाही, थोडे दुधात आणि थोडे ताकात राहते. घरगुती पद्धतीने ६५० ते ७०० ग्रॅम लोणी निघाले तरी चांगले म्हणावे. लिटरला ५० रुपये धरले तर त्या दुधाचे डेअरीत ५०० रुपये झाले असते. ७०० ग्रॅम लोणी किलोला ८०० रुपयांनी विकले तर ५६० रुपये होतात. साठ रुपयांसाठी एवढा खटाटोप कोण करेल?

गाईच्या दुधाचा हिशेब आणखी वेगळा आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून राज्य शासनाने लिटरमागे ७ रुपये अनुदान दिले होते, पण ते संस्थेला किंवा डेअरीला घातलेल्या दुधावरच मिळत होते. घरी घुसळलेल्या दुधावर नाही.

तूपरोटी | १२ नोव्हेंबर, रात्री १०.५०

हिशेबनीस यांनी सायीखालचे दूध आणि ताक धरलेले नाही. त्या दुधाचा चहा होतो, दही लागते, मुले पितात. ते नसते तर घरासाठी वेगळे दूध ठेवावे लागले असते. ताक गावात फुकट जाते, हे खरे, पण शेजाऱ्याकडून त्या बदल्यात भाजी येते. घरातल्या बाईच्या हातात स्वतःचा पैसा येतो, हेही डेअरीच्या पट्टीवर दिसत नाही, कारण दुधाचा पगार नवऱ्याच्या खात्यात जमा होतो.

मी शिरूर तालुक्यातून तूप आणि थोडे लोणी विकते आणि माझी नोंदणी आहे. एजंटाची काही गरज नाही. फॉसकॉस नावाचे संकेतस्थळ आहे, त्यावर 'अर्ज अ' भरायचा. छायाचित्र, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागला, शंभर रुपये ऑनलाइन भरले. कोणी पाहणीला आले नाही, पण येऊ शकतात, म्हणून चुलीची खोली आणि लोण्याची जागा वेगळी ठेवली आहे. मिळालेला क्रमांक २ ने सुरू होतो. १ ने सुरू होणारा क्रमांक परवानाधारकाचा असतो. अडीच हजारांत म्हशीला दोन पोती पेंड येईल.

कलम_अठरा | १२ नोव्हेंबर, रात्री ११.२५

तूपरोटी यांच्या माहितीत थोडी भर घालतो. अर्ज केल्यावर सात दिवसांत नोंदणी द्यायची, कारण देऊन नाकारायची किंवा पाहणीची सूचना काढायची, असे विनियमांत आहे. सात दिवसांत काहीच झाले नाही किंवा तीस दिवसांत निर्णय कळवला नाही, तर व्यवसाय सुरू करता येतो. वार्षिक विवरणपत्र परवानाधारकांना द्यावे लागते, नोंदणीधारकांना नाही. बिल देत असाल तर त्यावर क्रमांक टाकावा लागतो.

"नोंदणी नसेल तर तुरुंगात जाल" असे एजंट सांगतात, तेही तपासून घ्यावे. विनापरवाना व्यवसायाच्या शिक्षेचे कलम ६३ आहे, आणि त्यातून नोंदणीच्या वर्गातील लहान व्यावसायिक शब्दशः वगळलेले आहेत. मागितल्या दर्जाचा माल दिला नाही तर लागणारा दंडही त्यांच्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत मर्यादित आहे. याचा अर्थ नोंदणी करू नये असा नाही. शंभर रुपयांच्या कामासाठी कोणाला घाबरून अडीच हजार देऊ नयेत, एवढाच आहे.

एक धोक्याची जागा मात्र कोणी सांगत नाही. वस्तू व सेवा करात लोणी आणि तूप करपात्र आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकताना वार्षिक ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत त्या कराच्या नोंदणीची गरज नाही, पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला की ती सवलत जाते. बेंगळुरूच्या गिऱ्हाइकाला तुपाची एक बरणी विकली तरी तो प्रश्न उभा राहतो. मुलीला फुकट पाठवली तर नाही.

ताकपिठ्या | १२ नोव्हेंबर, रात्री ११.३८

बेळगावची गिऱ्हाइके चंदगडला येऊन लोणी का घेतात, ते आज समजले. आम्हांला वाटत होते की चवीसाठी येतात.

थेम्सकाठ | १३ नोव्हेंबर, पहाटे ४.२०

इंग्लंडमध्येही घरून खाद्यपदार्थ विकण्यापूर्वी किमान २८ दिवस आधी स्थानिक कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. ती मोफत आहे आणि नाकारली जात नाही, पण नंतर निरीक्षक घरी येऊन स्वच्छतेचे गुण देतात. कच्च्या दुधाबाबत मात्र ते फार कडक आहेत. पिण्याचे कच्चे दूध इंग्लंडमध्ये फक्त शेतकऱ्याकडून थेट घेता येते, दुकानात ठेवता येत नाही, आणि स्कॉटलंडमध्ये त्याची विक्रीच बंद आहे. मी येथे दुकानातील मलईला विरजण लावून लोणी काढतो. ते भाकरीवर चांगले लागते, एवढेच सांगून थांबतो.

कोथरूडची_मावशी | १३ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

डब्यावर काय लिहिलेले असावे, तेवढे कोणीतरी सांगा. हल्ली 'ए टू' (दुधातील एका प्रथिनाच्या प्रकाराचा दावा), 'वैदिक', 'हाडे बळकट करणारे' असे वाट्टेल ते लिहिलेले दिसते.

शीतसाखळी | १३ नोव्हेंबर, सकाळी १०.४०

गिऱ्हाइकाच्या भांड्यात समोर तोलून दिले तर ती सुटी विक्री होते, तिला लेबलाचे नियम लागत नाहीत. आधीच डबा भरून, बंद करून पाठवला की तो पॅकबंद माल ठरतो. मग त्यावर पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, बनवणाऱ्याचे नाव आणि पत्ता, बॅच क्रमांक, बनवल्याची आणि वापराची अंतिम तारीख, किंमत, हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका, नोंदणी क्रमांक आणि साठवण्याची सूचना हवी. दुधाची अॅलर्जी असणाऱ्यांसाठी 'यात दूध आहे' असा वेगळा उल्लेख हवा. काटा इलेक्ट्रॉनिक असेल तर वैधमापन खात्याकडून दर वर्षी तपासून शिक्का घ्यावा लागतो, हे बहुतेक जण विसरतात.

'ए टू'बाबत तर गंमतच झाली. प्राधिकरणाने २१ ऑगस्टला तो दावा वेष्टनांवरून काढण्याचा आदेश दिला आणि २६ ऑगस्टला तो आदेशच मागे घेतला. माझे मत विचाराल तर कोयनाथडी यांनी 'म्हशीचे पांढरे लोणी, अळणी' एवढेच लिहावे. रोग बरा होण्याचा उल्लेख कोठेही नको.

आठवडेबाजार | १३ नोव्हेंबर, दुपारी १२.१५

एवढे सगळे लिहायचे म्हणजे डबा लोण्यापेक्षा मोठा घ्यावा लागेल. माझे मत बदललेले नाही. गावच्या बाजारात पाच गोळे घेऊन बसणाऱ्या म्हातारीला फॉसकॉस आणि बॅच क्रमांक सांगणे अन्यायाचेच आहे, आणि ती नोंदणी करणार नाही, हे नियम करणाऱ्यांनाही ठाऊक आहे. मात्र मावशींनी दाखवलेला फरक मला पटला. पुण्याला डबा पाठवणे आणि बाजारात समोर बसणे, या दोन गोष्टींना एकच नियम लावायला नको होता. डब्यासाठी नोंदणी असू द्या. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही.

कोयनाथडी | १३ नोव्हेंबर, रात्री ९.०५

सगळे वाचून माझा बेत असा ठरला आहे. होळीपर्यंत थंडीचे दिवस आहेत, तोवर लोणी पाठवीन. सकाळी काढलेले लोणी दुपारच्या गाडीने बर्फाच्या बाटल्यांसह थर्माकोलच्या पेटीत जाईल आणि रात्री गिऱ्हाइकाच्या फ्रीजमध्ये पोहोचेल, अशीच मागणी घेईन. उन्हाळा लागला की सगळे तूप करीन, भाव थोडा कमी मिळाला तरी चालेल. हिशेबनीस यांचे साठ रुपये मी तूपरोटी यांच्या पद्धतीने मोजते.

दोन शंका राहिल्या. संस्थेचे सभासदत्व आणि जनावरांच्या कानातील बिल्ल्यांची नोंद यजमानांच्या नावावर आहे. मग लोण्याची नोंदणी माझ्या नावावर होईल का? आणि बॅच क्रमांक म्हणजे माझ्यासारखीने नेमके काय लिहायचे?

शीतसाखळी | १३ नोव्हेंबर, रात्री ९.४०

घुसळण्याची तारीख हाच बॅच क्रमांक ठेवा. एका वहीत त्या तारखेपुढे कोणत्या दिवसांची साय होती, किती लोणी निघाले आणि कोणाकोणाला गेले, हे लिहा. प्रत्येक वेळी एक लहान वाटी लोणी तारीख घालून आपल्या फ्रीजमध्ये ठेवा आणि वापराची तारीख उलटेपर्यंत ती मोडू नका. तक्रार आली तर गावाकडचे लोणी बिघडले की प्रवासात बिघडले, हे त्या वाटीवरून कळेल.

कलम_अठरा | १३ नोव्हेंबर, रात्री १०.१०

नोंदणी व्यवसाय करणाऱ्याच्या नावावर होते, म्हशीच्या मालकाच्या नावावर नाही. दूध स्वतःच्या गोठ्यातील असो वा विकत घेतलेले, अर्ज तुमच्याच नावाने भरा, ओळखपत्र आणि बँक खातेही तुमचेच द्या. व्यवसायाचा प्रकार निवडताना 'किरकोळ विक्रेता' नव्हे, तर दुग्धपदार्थांचे उत्पादन निवडा आणि लोणी व तूप दोन्ही आताच नोंदवून ठेवा, म्हणजे उन्हाळ्यात दुरुस्तीचा अर्ज करावा लागणार नाही. नोंदणीवर मुदत दिलेली असेल तर ती संपण्यापूर्वी नूतनीकरण करायचे असते, ती तारीख त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.